जुने फॉर्म संपेपर्यंत

औरंगाबाद,
१७ ऑक्टोबर १९९४

प्रिय सुगंधा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच ठेवून देशील, अशी मला धास्ती आहे. सोळा वर्षांत तुझी एक ओळ नाही, आणि मीही लिहिलं नाही. तरी फोड. आधी गंमत सांगते.

निवृत्त झाल्यावर बायका भजनी मंडळात जातात, मी पाखरांच्या मागे लागले. या दिवसांत हिमालयापलीकडून पक्षी जायकवाडीच्या पाण्यावर उतरतात. विद्यापीठाची मंडळी पहाटे बारीक जाळी लावून त्यांना धरतात, पायात नंबराचं कडं चढवतात आणि सोडून देतात. पुढे एखादा कुठे सापडला तर त्याचा प्रवास कळतो. काल पहिल्या एसटीनं मीही पैठणला गेले. चितेगावपर्यंत नुसते कारखाने झालेत, तू रस्ता ओळखणार नाहीस.

पिवळा धोबी पक्षी हातात घेतला. जीव अठरा ग्रॅमचा, तोरा आपल्या शाळेच्या हेडमास्तरांचा. काठावर मेंढरं घेऊन उभा असलेला मुंजाबा म्हणाला, "कडं घालून सासरी धाडता व्हय, बाई? मंग माहेरपनाला कवा येनार?" आम्ही इतके हसलो की दुसरा धोबी हातातून निसटला.

माझं कॉन्व्हेंटी अक्षर पाहून विद्यापीठाच्या अप्पाराव सरांनी नोंदी माझ्याकडे दिल्या. फॉर्मवर अजून जुनंच छापलेलं, नुसतं ‘मराठवाडा विद्यापीठ’. जानेवारीत नाव बदललं, आता ऑक्टोबर. मी प्रत्येक फॉर्मवर ते खोडून बाबासाहेबांच्या नावासकट पूर्ण नाव लिहायला लागले. सर म्हणाले, जुने फॉर्म तेवढे संपू द्या. माझं डोकं फिरलं. म्हटलं, लग्न झालं की बाईचं नाव त्याच दिवशी बदलता, तेव्हा नाही जुने कागद संपायची वाट बघत. विद्यापीठातल्या पोरी खिदळल्या. सरही हसले आणि सहज म्हणाले, "एवढं मनाला लागतंय, तर अठ्ठ्याहत्तर साली कुठं होता, बाई?"

  उरलेले फॉर्म भरले आणि एसटीत खिडकीकडे तोंड करून बसले.

अठ्ठ्याहत्तर साली मी आपल्या स्टाफरूममध्ये होते. विद्यापीठाला ते नाव देऊ नका, या निवेदनावर चौथी सही माझी होती. तुझ्याच शेजारी बसून केली. तू कागद वाचलास, खडूचा डबा उचलून वर्गावर गेलीस आणि दिवाळीआधी नागपूरला निघून गेलीस. हेडमास्तरांनी कागद पुढे केला म्हणून सही केली, असं मी इतकी वर्षं सांगत आले. खोटं आहे. माझा हात कुणी धरला नव्हता. तो प्रश्न मला माझा वाटलाच नाही, तुझा वाटला. आणि तू हातभर अंतरावर होतीस. माझं चुकलं. हे लिहायलाच पत्राला बसले, धोबी वगैरे नुसता धीर गोळा करणं होतं. पाखरांचं शिबिर नोव्हेंबरअखेरपर्यंत आहे, आलीस तर माझ्याकडेच उतर. नाही आलीस तर रागावून तरी लिही. तुझा राग मी कधी पाहिलाच नाही, तू तो मला दाखवला नाहीस.

तुझीच, अजून म्हणू देशील तर,
द्वारका