मावशी म्हटलं की

सेलू, पौष महिना

तीर्थरूप अण्णांच्या पायांवर डोकं ठेवून दिनकरचा नमस्कार.

मी खुशाल आहे. कापसाच्या जिनिंगमधली मुकादमी चांगली चाललीय. खानावळ बरी आहे, फक्त आईच्या हातची अंबाडीची भाजी तेवढी नाही. तिचा गुडघा कसा आहे?

निघताना तुम्ही सांगितलं होतं, माणसाला नातं लावून बोललं की काम होतं. तसंच केलं. कापूस निवडणाऱ्या सगळ्या बाया माझ्या मावश्या झाल्या. सुटीचा भोंगा वाजला तरी "मावशी, एवढं उरका" म्हटलं की थांबायच्या. हैदराबादचे मालक लय खूश होते.

मागच्या महिन्यात त्यांच्यातल्या बायनाबाईंनाही असंच म्हणालो. निघालेली बाई परत खाली बसली, कापूस पुढं ओढला आणि म्हणाली, "लेकरा, मुकादम म्हणून सांगितलं असतंस तर तोंडावर न्हाई म्हणलं असतं. भाच्याला न्हाई कसं म्हणू? घरी सून बाळंतीण हाय."

मी त्यांना हात धरून उठवलं आणि घरी धाडलं.

आता जास्तीचं काम असलं तर सकाळीच विचारतो, आणि नाही म्हणणारीवर राग धरत नाही. मालक हल्ली माझ्याशी कमी बोलतात, पण नोकरीची काळजी करू नका.

अण्णा, रागावू नका. आपल्या सालगड्याला आपण सगळेच किशनमामा म्हणतो. या संक्रांतीला त्यांना स्वतःच्या घरी जायचंय का, एवढं विचाराल? फक्त विचारताना मामा म्हणू नका.

तुमच्या आज्ञेतला,
दिनकर