पोटात खाच असलेला सहा

बाबा, तुमचा पंचांचा डबा मी गेल्या आठवड्यात उघडला. दुकान आता मी चालवतो, वाइंडिंगचं मशीन नवं घेतलं, काउंटर बदललं, पण आकडे ठोकायच्या पंचांचा तो पत्र्याचा डबा तुम्ही ठेवला होता तिथेच होता. त्यातला सहाचा पंच काढला, शिशाच्या तुकड्यावर ठोकला आणि भिंगाखाली धरला. सहाच्या पोटात, डाव्या बाजूला, बारीकशी खाच उमटते. घाटंजीच्या आसपास ज्या ज्या विहिरीवर तुमच्या हातची वाइंडिंग केलेली मोटर आहे, तिथला सहा असाच उमटलेला आहे. आणि माझ्या रेडिओवर उडणाऱ्या छोट्या विमानाच्या इंजिनावर जो एकसष्टचा आकडा आहे, ज्याच्या जोरावर मी इतकी वर्षं लोकांना शहाणपण शिकवलं, त्यातला सहाही असाच आहे. याचा अर्थ काय, ते मला तुम्हाला विचारायचं आहे.

तुम्हाला आठवेल, ते दिवसच संशयाचे होते. कापसाच्या पिशवीवर एक नाव छापलेलं आणि आत भलतंच बियाणं. औषधाच्या डब्यात औषध किती आणि पाणी किती, कोणी सांगू शकत नव्हतं. मोटारींचंही तेच. पाटीवर पाच हॉर्सपॉवर, आत तांबं तीनचं. लोक कोणावरच विश्वास ठेवत नव्हते, पण तुमच्या ठोक्यावर ठेवत होते. कोणी नवी मोटर घेतली की आधी तुमच्याकडे आणायचा, आणि तुम्ही पाटीकडे न पाहता ती उघडायचात आणि खरा आकडा तिच्यावर ठोकून द्यायचात. मला एकदाच तुम्ही गिऱ्हाइकासमोर बोललात. मी पाटी वाचून "पाचची हाय" असं सांगून मोकळा झालो होतो. तुम्ही हातातला पाना खाली ठेवला. "पाटी वाचायले तर चवथीतलं पोट्टंबी येते," म्हणालात. "तुले दुकानात कायले बसवलं मंग? उघडून पाह्य." तो माणूस हसला होता. मी तेव्हा तिशीला आलो होतो, आणि ते हसू मी अजून विसरलेलो नाही. पण त्या दिवसापासून आजवर मी एकही मोटर पाटीवर घेतली नाही. निदान मोटर तरी.

विमानाचा नाद मला कसा लागला हे तुम्ही कधी विचारलं नाही. नागपुरातल्या रद्दीत मिळालेल्या एका जुन्या मासिकावरून मी शिकलो, डिक्शनरी घेऊन, कोणाच्याही मदतीशिवाय. रेडिओवर चालणारं, कोलांट्या मारणारं विमान, पंख जवळपास साडेतीन हातांचा. तुमच्या मते तो पोरखेळ होता. तरी एका संध्याकाळी स्वयंपाकघरात, आई तव्यावरची भाकर उलटवत असताना, तुम्ही मध्येच विचारलं, "वजन किती भरंल त्याचं?" मी सांगितलं, तीन किलोच्या आत. "आन् इंजिन केवढं सांगते तुझं पुस्तक?" मी सांगितलं की पुस्तक छेचाळीसपासून एकसष्टपर्यंत सांगते, मी एकसष्ट लावणार. हे आकडे म्हणजे इंजिनच्या पोटात हवा किती मावते त्याचं, घन इंचाच्या शंभराव्या भागातलं माप. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडला. "मोठं कायले?" मी म्हणालो, उभं चढायला जोर लागतो. तुम्ही पुढचा घास घेतलात. मला वाटलं, विषय संपला. आज वाटतं, तुमच्या डोक्यात तो तिथेच सुरू झाला. कारण विहिरीचं तुमचं गणित मला पाठ होतं. झरा केवढा ते आधी पाहायचं, मोटर नंतर. शेतकरी मोठी मागायचा, तुम्ही लहान द्यायचात, आणि तो मनात म्हणायचा की म्हाताऱ्याजवळ मोठी मोटर शिल्लक नसंल.

पुढच्या खेपेला तुम्ही तांब्याची तार आणायला नागपूरला गेलात आणि इंजिन घेऊन आलात. न मागता. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. खोका एसटीच्या गर्दीत चेपला म्हणून फेकला, असं तुम्ही सांगितलं. इंजिनच्या बाजूला एकसष्ट कोरलेलं होतं. तुमच्या हातून मला मिळालेली ती एकच वस्तू, जी मोटारीच्या कामाची नव्हती. मी ती उघडली नाही. दुसऱ्या कोणी दिली असती तर त्याच दिवशी पिस्टन बाहेर काढला असता.

आणि खुणा किती होत्या पाहा. विमान तयार झाल्यावर मी तोललं, तर हिशेबापेक्षा पावभर हलकं भरलं. मी ते माझ्या हाताचं कसब समजलो. तोल मागे जात होता, म्हणून बॅटरी नाकात सरकवली, आणि तरीही मला शंका आली नाही. कापूस वेचून उलंगवाडी झाल्यावर ई-क्लासच्या सरकारी पडीत जागेवर पहिल्यांदा उडवलं तेव्हा तुम्ही सायकल टेकवून लांब उभे होतात, जणू रस्त्याने जाता जाता थांबलात. पुस्तकाप्रमाणे नाकावर बारा इंची पंखा लावला होता. विमान उडालं, पण उभं चढताना धाप टाकत होतं. मी उतरवलं. तुम्ही जवळ आलात, इंजिनकडे न पाहता म्हणालात, "दमून राह्यलं ते. पंखा लहान कर." मी अकरा इंची लावला आणि विमान असं सरळ वर गेलं की गुराख्यानं काठी टाकून टाळी वाजवली. मी लोकांना वर्षानुवर्षं सांगत आलो की माझ्या बापाला आवाजावरून भार कळायचा. आता मी त्यावरही संशय घेतो. तुम्हाला आवाजावरून कळलं, की आकडा आधीच ठाऊक होता म्हणून कळलं?

हे सगळं उकरायचं कारण नेरचा एक दोस्त. एसटीच्या डेपोत मेकॅनिक आहे, हाताचा पक्का. माझं विमान पाहून त्यानं तस्संच बांधायला घेतलं. मी फोनवर एकेक माप दिलं आणि बजावलं, एकसष्टच लाव, कमी लावशील तर रडशील. त्यानं त्याच कंपनीचं एकसष्ट लावलं. नाक जड झालं. तोल साधायला शेपटीत शिसं भरलं, मग वजन वाढलं, मग उतरताना वेग आवरेना. दोनदा चाकं मोडली. या उन्हाळ्यात तिसऱ्या वेळी जमिनीत घुसलं आणि पंख दुभंगला. तो मोडलेलं विमान घेऊन दुकानात आला आणि काउंटरवर माझ्या इंजिनशेजारी त्याचं इंजिन ठेवलं. त्याचं बोटभर मोठं दिसत होतं. त्याच्यावरचा आकडा ओतीव, वर उठलेला. माझ्या इंजिनावरचा आत ठोकलेला.

त्यानं दोन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं. "भाऊ," म्हणाला, "तू मले सारं सांगतलं, फक्त हे नाई सांगतलं. मोजू दे पिस्टन."

मी म्हणालो, माझ्या बापानं दिलेली वस्तू कोणी मोजायची नाही. तो म्हणाला, "कारीगर असाच असते. एक गोष्ट मागं ठेवतेच." आणि येत्या रविवारी पुन्हा येतो म्हणून निघून गेला. मी कधी कोणापासून कोणतंही माप लपवलेलं नाही. मला चोर म्हटलं असतं तरी चाललं असतं.

तो गेल्यावर मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि इंजिन खोललं. व्हर्निअर लावून मोजलं. सिलिंडर बावीस मिलिमीटर, पिस्टनची चाल साडेएकोणीसच्या जरा वर. गुणाकार कसाही करा, साडेसात सीसी येतो. छेचाळीस. एकसष्टला दहा यायला पाहिजे. ठोक्याखालचा मूळचा ओतीव आकडा कानशीनं घासून सपाट केलेला आहे, सुबक, कड न मोडता. ती कानस कोणाची हे मी ओळखतो. मग पंचांचा डबा काढला.

म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोट्या पाट्या उघड्या पाडणाऱ्या माणसानं एक खोटी पाटी केली, आणि ती माझ्यासाठी. का? एक शक्यता अशी, की तुम्ही तीन किलोला छेचाळीस बरोबर बसतं हे ताडलं, माझी खुमखुमी जाणली, आणि विहिरीवर करायचात तेच माझ्यावर केलं. दुसरी अशी, की त्या दिवशी दुकानदाराजवळ एकसष्ट नव्हतंच, आणि माझा उतरलेला चेहरा तुम्हाला पाहायचा नव्हता. पहिल्यात तुम्ही माझं विमान समजून घेतलं होतं. दुसऱ्यात फक्त लाड केला. तुम्ही लाड करणारे नव्हतात. पण खोटा आकडा ठोकणारेही नव्हतात, मग मी कशावर विश्वास ठेवू?

रविवारी दोस्त आला. मी इंजिन खोलून त्याच्यासमोर ठेवलं आणि मोज म्हणालो. त्यानं मोजलं, पुन्हा मोजलं, आणि माझ्याकडे पाहिलं. घाटंजीपासून नेरपर्यंत अजूनही जुन्या मोटारी विकताना लोक तुमचा ठोका दाखवतात, बाबा. तो माणूस डेपोत दिवसाला शंभर लोकांशी बोलतो. मी म्हणालो, "आकडा मी ठोकला. मोठं इंजिन हाय असं दिसावं म्हणून."

मला वाटलं होतं तो वाद घालेल, निदान विचारेल की तुझ्यासारखा माणूस असं कसं करेल. त्यानं लगेच मान हलवली. त्याला इतक्या लवकर पटायला नको होतं. "तुहे बाबा असते," तो म्हणाला, "तर तुले दुकानातून हाकलून देल्लं असतं." मी म्हणालो, हो, दिलं असतं.

त्याला मी छेचाळीस घ्यायला सांगितलं आहे. शेपटीतलं शिसं काढायला लावलं, अकरा इंची पंखा माझ्याजवळचा दिला. तो पंखाही त्यानं दोन्हीकडून उलटून पाहिला, त्यावरचं माप खरं आहे ना म्हणून. आता तो माझं प्रत्येक माप असंच तपासणार.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून शेवटचं लिहून टाकतो. नागपूरचं ते इंजिनांचं दुकान अजून आहे. दुकानदार थकला आहे, पण गल्ल्यावर बसतो, आणि कोणी काय नेलं ते त्याला आठवतं असं म्हणतात. त्या दिवशी एकसष्ट होतं की नव्हतं, एवढंच विचारायचं आहे. दर महिन्याला तार आणायला त्याच रस्त्यावर जातो. पलीकडच्या बाजूनं चालतो.