धाकटीचा तंबू

३ मार्च

तंबू! तिला तंबू! आम्ही उन्हात चर खणायचा, पाइप टाकायचे, केबल ओढून तळहात सोलून घ्यायचे, आणि ही महाराणी तंबूत टेबल-खुर्ची मांडून बसणार. खाली सतरंजीसुद्धा अंथरलीय. तिच्यासाठी नाही, तारा जोडायच्या मशीनसाठी म्हणे. मशीनला धूळ चालत नाही. आम्हाला चालते!

ही म्हणजे माझी धाकटी जाऊ. हिला कामावर आणलं कोणी? मी. घरी बसून जीव विटला म्हणून माझ्यापुढे नाक ओढत होती. मीच ह्यांना म्हटलं, तुम्ही मुकादम आहात, घ्या हिला आपल्या टोळीत. पहिल्या दिवशी हिला कुदळ धरता येत नव्हती. दोन्ही हातांनी झाडूसारखी धरली होती! आणि साहेबांनी जोडणी शिकायला पाठवलं कोणाला? हिला.

मी काय मेले होते?

५ मार्च

आज एक प्राध्यापक चराच्या कडेला थांबला. "बाई, कसली खणाखणी चाललीय?"

म्हटलं, सगळ्या सरकारी विद्यापीठांची मिळून एक लाईन. प्रत्येकाने आपली वेगळी घ्यायची तर परवडत नाही, आणि आत्ता जी आहे ती रखडत चालते. ही काचेच्या तारांची, आतून उजेड पळतो. डॉक्टरकीच्या विद्यापीठातून पाठवलेलं शेतकीच्या विद्यापीठात पापणी लवायच्या आत.

मला वाटलं खूश होईल. तर म्हणतो, "पण मुख्य मशीनची खोली त्या डॉक्टरकीवाल्यांकडे का? आमच्याकडे का नाही?" तोंड एवढंसं झालेलं. मला असं हसू फुटलं! एवढं शिकून पोटात दुखतं ते तेच.

६ मार्च

धाकटीचा फोटो काढला. मशीनवर वाकलेली, डोळे बारीक केलेले. विद्यापीठाच्या अंकात येणार. मागे आमचा चर पण दिसतोय म्हणे.

८ मार्च

साहेबांनी आज सगळ्यांना सांगून टाकलं. लाईन सुरू झाली की खणणारी टोळी मोकळी. जोडणीवाले तेवढे राहणार, कायमचे. कुठे तार तुटली की धावायचं ते त्यांनी. म्हणजे धाकटी गाडीतून फिरणार आणि मी घरात भांडी आपटणार.

जेवताना ह्यांना म्हटलं, "पुढच्या वेळी जोडणी शिकायला माझं नाव द्या. साहेबांच्या कानावर घाला."

हे म्हणाले, "बघू."

ह्यांचं बघू मला माहीत आहे. खिडकीची काच बदलायचं पण बघूच आहे, लग्नापासून.

"बघू नाही, सांगा."

"अगं, त्यांना शिकलेली माणसं लागतात. तू चौथी. धाकटी दहावी आहे. आणि ती तार केसाएवढी असते."

"घरातल्या सुईत दोरा कोण ओवतं? तुम्ही?"

ताट उचलून गेले.

झोपताना तिचाच विचार. तिची नखं आता स्वच्छ असतात. माझ्या नखांत माती. मी एवढी नखांवर जाणारी बाई कधी झाले कोण जाणे!

१२ मार्च

आज एक केलं.

केबल ओढताना चेंबरपाशी मी असते. चेंबर म्हणजे झाकणवाला खड्डा. दोन केबलींची टोकं तिथे भेटतात. दोन्ही बाजूंनी जास्तीची केबल वेटोळं करून ठेवायची, त्याला लूप म्हणतात. लूप असला की जोडणीवाला टोकं वर ओढून घेतो, तंबूत टेबलावर आरामात काम करतो. लूपपुरती केबल आली की मी "बस" ओरडते, मग ओढणारे थांबतात.

आज ग्रंथालयामागच्या चेंबरला मी लवकर "बस" म्हटलं. ओढणारे माझ्याकडे बघायला लागले. "एवढ्यात?" म्हटलं, बस म्हणजे बस!

कळू दे तिलाही, खड्ड्यात बसणं काय असतं.

१३ मार्च

बसली! गुडघे छातीला, मशीन मांडीवर, डोक्यावर ऊन. तंबू वर रिकामा. आज डबा काय गोड लागला!

१५ मार्च

आज लाईन तपासली. डॉक्टरकीच्या विद्यापीठातून उजेड सोडला, तो शेतकीच्या विद्यापीठात पोचेपर्यंत मिणमिणता. साहेबांनी यंत्र लावून शोधलं. ग्रंथालयामागची जोडणी. खड्ड्यातली धूळ बसली असणार.

साहेबांनी धाकटीला सगळ्यांदेखत झापलं. "शिकवलं ते पाण्यात घातलंत!" ती मान खाली घालून उभी. माझं नाव घेतलं नाही. मला वाटलं होतं मजा येईल. आली थोडी. मग नाही आली.

साहेब गेल्यावर ती तरातरा माझ्याकडे आली.

"लूप खाल्लात ना, जाऊबाई?"

"खाल्ला. मी तुला आणलं इथे, आणि तू माझ्याच डोक्यावर बसलीस."

"मग माझ्या अंगावर कशाला येता? घरी जाऊन मोठ्या भाऊजींना विचारा, साहेबांनी पहिलं नाव कोणाचं घेतलं होतं. मी तिथेच होते."

म्हटलं, "मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

बोटात घुसलेली काच चिमट्याने काढता काढता म्हणाली, "मलाही तंबू हवा होता."



१६ मार्च

विचारलं. पहिलं नाव माझंच होतं. ह्यांनी साहेबांना सांगितलं, तिचा हात जड आहे, तीच नको म्हणते. मी नको म्हणते! का केलंत म्हटलं, तर बुटाची नाडी सोडत बसले. सुटलेलीच होती ती. टोळी मोकळी झाली की मुकादमही मोकळा, आणि ह्यांना ते आधीपासून माहीत होतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. बायको कामावर आणि आपण घरी, हे ह्यांना बघवणार नव्हतं.

मी काही ओरडले नाही. एवढंच म्हटलं — लूप मी खाल्ला, ते उद्या मीच साहेबांना सांगते. ते माझं. हे तुमचं. जोडणी शिकायची पुढची नावं शनिवारी जाणार आहेत. साहेबांकडे जाऊन खोटं बोललो म्हणून सांगणार की नाही? शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मला हो नाहीतर नाही पाहिजे. बघू चालणार नाही.