वाढत्या अंगाच्या कादंबऱ्या

ती. ताईस,

गळ्यातला टेप गळ्यातच ठेवून, पण कंबर पुरती वाकवून धाकट्या भावाचा नमस्कार.

"गोष्टी वाचायला काय लागतं रे, नुसते दोन डोळे!" असं तू मला लहानपणापासून ऐकवत आलीस. आता माझा यंदाचा खर्च ऐक. दोन्ही बाह्या डाव्याच लागलेला एक कोट, शेजारच्या वकीलसाहेबांच्या नव्याकोऱ्या पँटीवर इस्त्रीचा काळा त्रिकोण, तुझ्या भावजयीचा आठवडाभराचा अबोला, आणि एक जुनं भरवशाचं गिऱ्हाईक, जे आता समोरच्या गल्लीत कपडे टाकतं आणि जाताना मुद्दाम आमच्या दारावरून जातं. (डोळे तेवढे शाबूत आहेत. का, ते पुढे येईल.) पण त्या बदल्यात तुझ्या या भावाने, ज्याला तू चौथीत असताना हाताला धरून वर्गात नेऊन बसवायचीस, त्याने वर्षभरात कपाटभर कादंबऱ्या संपवल्या आहेत आणि येत्या रविवारी वाचनालयात तो त्यांच्यावर बोलणार आहे. बसली आहेस ना? नसशील तर बस.

तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना वाजतो की उतरताना, ते कळव. दोन्हींची औषधं वेगळी, असं माझ्या दुकानात बसून एक डॉक्टरीणबाई सांगत होत्या. भावोजींना पाहुण्यांनी बैठक लांबवली की अजून खोकला येतो का? येत असेल तर तब्येत उत्तम आहे म्हणायची.

आता मूळ गोष्ट. आमच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर वाचनालय आहे, हे तू पाहिलंसच. तिथल्या ग्रंथपालबाई पडद्यांचं माप द्यायला आल्या. दर वर्षी त्या एक मांडणी लावतात, सरत्या वर्षातल्या आवडत्या गोष्टी आणि कादंबऱ्या, वयाप्रमाणे. लहानांना काय, शाळकऱ्यांना काय, मोठ्यांना काय, म्हाताऱ्यांना काय. निवड एक मास्तर करायचे, त्यांची बदली झाली. बाईंनी सहज, म्हणजे मी जसं गिऱ्हाइकाला "चहा घेणार?" विचारतो तसं, विचारलं, "तुम्ही वाचता का हो काही?" मी "छे" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आमची नात (अकरा पूर्ण, कटिंगच्या टेबलावर पाय हलवत बसलेली) म्हणाली, "माझे आजोबा सगळं वाचतात. दुकानात रोज नवीन पुस्तक असतं." ताई, त्या पोरीची मान अशी ताठ झाली होती की बघूनच कॉलरचं माप घ्यावं. ती मान माझ्या शब्दाने खाली जायला नको, म्हणून मी ते "छे" गिळून पडद्यांचं माप लिहायला घेतलं, आणि निवडीचं काम माझ्या गळ्यात पडलं. दुसऱ्या दिवशी तिच्या सगळ्या वर्गाला बातमी कळली होती.

दुकानात रोज पुस्तक असतं, हे खरंच आहे. ते काजवाल्या मावशींचं. मशीनवर काजं, म्हणजे बटणांची घरं, व्हायला लागल्यापासून मावशींच्या हाताला काम कमी झालं, पण पस्तीस वर्षं बसलेलं माणूस उठ कसं म्हणायचं? तेव्हा त्या दुपारी मोठ्याने वाचतात आणि आम्ही शिवतो. माझं वाचन तुला ठाऊक आहे. दुसरं पान उलटायच्या आत हनुवटी छातीला टेकते. कान मात्र तिखट आहेत. मशीन चालू असताना पलीकडच्या मशीनचा सैल पट्टा मला ऐकू येतो, तर मावशी का नाही येणार?

पण कादंबरी आणि शिलाई एका खोलीत नांदत नाहीत. होड्या दुरुस्त करणाऱ्या तीन भावांची एक जाडजूड कादंबरी आहे. त्यात थोरला वादळात होडी घेऊन निघतो, तिथे सगळी मशीनं एकदम बंद पडली.

"मावशी, बुडाला का हो?"

"बुडेल नाहीतर तरेल. तू बाही बघ आधी, कुठल्या खांद्याला लावतोयस."

"बाहीचं सोडा, पान उलटा!"

मावशींनी पान उलटलं, कारागिराने बाही लावली, आणि कोटाला दोन डावे हात झाले. (समोरच्या गल्लीत गेलेलं गिऱ्हाईक ते याच कोटाचं.) इस्त्री त्याच वादळात वकीलसाहेबांच्या पँटीवर विसावली होती. मी सगळ्यांवर ओरडलो आणि मग म्हणालो, "हं, पुढे?" (अबोल्याचं कारण वेगळं. चोरलेल्या घड्याळाच्या रहस्यकथेत चोर कोण, ते मी जेवताना बोलून गेलो. तुझी भावजय तेच पुस्तक उशाशी घेऊन अर्ध्यावर होती.)

तर पुस्तकं अशी कानाने पसंत झाली. इतरांची मतं मी ट्रायल रूमच्या पडद्याबाहेर उभा राहून गोळा केली. कपडे बदलताना माणूस आरशाशी आणि मैत्रिणीशी खोटं बोलत नाही. राहिलं वयाचं लेबल लावणं. बाई म्हणाल्या, "ते तुमच्यावर सोपवते." इथे घोटाळा झाला, आणि तो शिंपीच करू जाणे. चाळीस वर्षं ज्याने मुलांचे कपडे शिवले, तो नेमक्या मापाचं कधीच देत नाही. वाढतं अंग असतं, एक माप पुढचं द्यायचं, आत माया, म्हणजे जास्तीचं कापड, दुमडून ठेवायची. साठीनंतर उलट. माणूस आखडतो, पँट दोन बोटं वर घ्यावी लागते, कंबरेलाही टाचावं लागतं. माझा हात आपसूक तसाच चालला. चित्रांच्या वयाच्या पोरांना घड्याळचोर, घड्याळचोराच्या वयाच्यांना होडीवाले तीन भाऊ, आणि आजी-आजोबांच्या खणात आंघोळीला घाबरणाऱ्या हत्तीच्या पिल्लाची गोष्ट.

मांडणी उघडली आणि आठवड्यात बाई जिना उतरून खाली आल्या. एरवी त्या उतरताना पायरीवर एवढा आवाज करत नाहीत. "अहो, वकीलसाहेबांना हत्ती दिलात तुम्ही!" मी म्हटलं, "सैल होतोय का?" त्या म्हणाल्या, "सैल कसला? ते पुढचा भाग मागतायत! वाचनाच्या खोलीत मोठ्याने हसले, त्यांना गप्प करावं लागलं." मागोमाग दोन आया आल्या. एकीची मुलगी जेवणाच्या ताटावर चोरांची नावं मांडत होती, दुसरीचा मुलगा, ज्याने आजवर पाठ्यपुस्तकही उघडलं नव्हतं, तो होडीच्या कादंबरीसाठी रांगेत उभा होता. तक्रार करायला आल्या होत्या, पण ती नेमकी कशाची ते दोघींना आठवेना. शेवटी एकीने ब्लाउजचं माप दिलं.

बाई निवळल्या, आणि तेच महागात पडलं. "रविवारी सगळ्यांसमोर बोला. विशेषतः होडीच्या कादंबरीच्या शेवटाबद्दल. त्यावरून वाचकांत भांडणं आहेत." नात पहिल्या रांगेत वर्ग घेऊन बसणार आहे.

आणि ताई, शेवटचं प्रकरण मी ऐकलेलंच नाही! मावशी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या, पुस्तक पिशवीत घालून. वाचनालयातल्या दुसऱ्या प्रतीला ही लांब रांग, आणि "मला आधी द्या" म्हणायची सोय नाही, कारण मी ती वाचलेली आहे. कारागिरांना विचारलं तर त्यांच्यात दोन तट आहेत, थोरला परत येतो आणि थोरला परत येत नाही. दोघांनीही ऐकलंय माझ्याइतकंच.

बाकी सर्व क्षेम. नमस्कार सांगावा असे थोर आपल्यात आता तुम्ही दोघंच उरलात, तेव्हा तो आपापसात वाटून घ्या.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं काम हे. तू ती कादंबरी वाचली असशीलच. थोरला परत येतो का, आणि आला तर धाकटा त्याला काय म्हणतो, एवढं दोन ओळींत लगेच कळव. फोन करू नकोस. फोन नात उचलते.

ता. क. दुसरा. कळवू नकोस. पाकीट चिकटवायला नातीकडे दिलं, तिने आधी पत्र वाचलं. म्हणाली, "आजोबा, मला माहितीये, मावशी वाचतात. मी बाईंना कुठे म्हटलं डोळ्यांनी वाचता म्हणून?" मग तिने तीन भावांचा शेवट मला सांगितला, अगदी वल्ह्याच्या आवाजासकट. तिने ती कादंबरी कधीच संपवली आहे. तिच्या वयाच्या खणात मीच ठेवली होती. रविवारी ती पहिल्या रांगेत नाही, माझ्या शेजारी बसणार आहे. अडलो की कोपर मारणार आहे.

ता. क. तिसरा. तू विचारशीलच, म्हणून आधीच लिहितो. यंदा मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेलं पुस्तक एकच, हत्तीच्या पिल्लाचं. त्याचंही शेवटचं पान तिने वाचून दाखवलं, कारण मला झोप लागली होती.