पिवळ्या तोंडाची बाई

प्रिय अर्पिता,

आधीच सांगतो, रागात लिहून राह्यलो. मोबाईलवर लिहिलं असतं तर तू मधेच हसरं तोंड पाठवलं असतंस आणि मी विरघळलो असतो. कागदावर ती सोय न्हाई.

तू दिलेलं शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रजी भयकथांचं पुस्तक हसनाबादच्या माळावर मेंढरांमागं फिरताना परत वाचलं. कॉलेजात ते जमिनीखालचे लिबलिबीत देव काय भारी वाटायचे! आता शिसारी आली. देवांची न्हाई, लिहिणाऱ्यांची. यांना भीती कुणाची वाटते बघ: डोंगरातल्या, काळ्या कातडीच्या, न कळणारी भाषा बोलणाऱ्या माणसांची. ती दगड पूजतात, घुमतात, म्हणजे सैतानाचीच. आणि आपला फाशांचा खेळ? एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली पात्रं व्हायचं, इतकं सुंदर काम. त्यातही तीच शिसारी उचलून तिला आकडे चिकटवले. पुजारी: ताकद आठ, अक्कल तीन. मारा आणि पुढं चला.

मी तरी काय वेगळं केलं? गोष्ट सांगणारा मीच. आपल्याच टेबलावर खेळणारा सर्जेराव म्हणाला होता, "शिवा, तुझ्या राक्षसांपेक्षा मेसची भाजी भयानक रे!" तू हसलीस. तू हसलीस म्हणून पुढच्या रविवारी मी नवा डाव रचला. मेंढपाळांचा तळ, लोकरीचा वास, शेंदूर फासलेला दगड, ढोल, आणि हळदीनं तोंड पिवळं झालेली, केस सोडून घुमणारी बाई. तू माझं मनगट धरलंस. इतकं भारी मला आयुष्यात कधी वाटलं न्हाई. मंग तू तो वीस बाजूंचा फासा टाकलास, बराबर वीस पडले, आणि ओरडलीस, "जाळा त्या चेटकिणीला!" ती कशी जळाली ते मीच सांगितलं. रंगवून रंगवून.

दसऱ्याला घरी गेल्तो. बिरोबापुढं ढोल वाजले आणि गोपिकाबाईच्या अंगात आलं. गोपिकाबाई म्हणजे माझी आई. दरवर्षी येतं. लोक एकेक करून पाया पडत होते. भंडाऱ्यानं पिवळं झालेलं तोंड घेऊन ती माझ्यापुढं आली आणि मी मागं सरकलो. स्वतःच्या आईला बघून! नंतर भाकरी वाढताना तिनं विचारलं, "बाळा, ताप हाय का तुला?" मला माझीच शिसारी आली. आई आजारी म्हणून कॉलेज सोडलं, असं तुला सांगितलं ते खोटं. ती ठणठणीत आहे. तिच्या हातची भाकरी खाऊन परत त्या टेबलाशी बसणं मला जमलं न्हाई.

काल तुझा मेसेज आला. तू आणि सर्जेराव तो डाव पुस्तक म्हणून छापून राह्यलात, माझ्या नावानं, मुखपृष्ठावर तीच बाई. आणि चित्रकाराला दाखवायला "तसल्या एखाद्या बाईचा" फोटो पाहिजे. फोटो आहे माझ्याकडं. देणार न्हाई. डाव मी रचला, तो मीच मोडतो. बिलकुल छापायचा न्हाई. सर्जेरावाला हे तू सांग, आणि का ते पण सांग. त्याउपर छापलंत तर माझा नंबर काढून टाक. असं लिहिलं खरं, पण अर्पिता, लगेच काढू नको. आधी एकदा फोन कर.

तुझाच, चिडलेला,
शिवशंकर