तळाचं तेल

प्रिय चिमे,

फोनवर तू "हं, बरं, ठेवते" यापलीकडे जात नाहीस आणि मलाही पुढे काही सुचत नाही, म्हणून शेवटी पेन उचललं. मोबाईलवर अंगठा पाठवून काम भागवणाऱ्या माणसाला पानभर लिहायचं म्हणजे चढावर गाडी मागे घेण्यासारखं आहे. अक्षर लागलं नाही तर वैतागू नकोस, पण शेवटपर्यंत वाच.

आधी घरची खबर. तुझी वहिनी बरी आहे. बोलते माझ्याशी, पण डबा भरताना लागेल तेवढंच. तुझी भाची पूर्वी शाळा सुटली की डेपोच्या फाटकाशी येऊन थांबायची आणि माझ्याच बसमध्ये पुढच्या सीटवर बसून घरी यायची. हल्ली मैत्रिणींबरोबर पायी जाते. बाप गांजेकस निघाला हे वर्गभर झाल्यावर त्या वयाच्या मुलीनं करावं तरी काय?

मी सध्या धुलाईला आहे. गाडी आत आली की पाइपनं चाकं, मग लांब दांड्याच्या ब्रशनं काचा, मग आतली जमीन. ज्या गाडीच्या स्टिअरिंगवर अर्धं आयुष्य गेलं, तिच्याच सीटखालची ओकारी पुसतो. ज्यांना मी हाताला धरून वळणं शिकवली ती पोरं गाडी लावून उतरताना एकमेकांना कोपरखळ्या मारतात. परवा एकानं विचारलंच, "काका, आज हवेत की जमिनीवर?" सगळे हसले, मीही हसलो. घरी येईपर्यंत तो स्वतःच्या हसण्याचा आवाज कानातून जाईना. लाज वाटते, चिमे. उगाच शब्द कशाला फिरवू? मान वर करून चालता येत नाही.

तू हेम्पचं काम सुरू केलंस तेव्हा आत्यानं सगळ्या नात्यात डांगोरा पिटला होता, की पोरीनं गांजाचं दुकान घातलं. तेव्हा तुझ्या बाजूनं तावातावानं भांडलो तो मीच. तुझी सगळी वाक्यं मला तोंडपाठ होती. झाड एका कुळातलं असेल, पण ज्यात नशेचं द्रव्य नावापुरतंच असतं त्यालाच कायदा हेम्प म्हणतो. लागवडीला परवाना लागतो, शेतावर येऊन नमुना घेऊन जातात, तेल काढल्यावर प्रत्येक घाणा प्रयोगशाळेत जातो, आणि मर्यादेच्या केसभर वर गेला तर सगळा माल नष्ट. बाटलीवर लेबल, त्यावर तपासणीचा क्रमांक, आणि खाली ठळक अक्षरांत 'वाहन चालवणाऱ्यांनी घेऊ नये'. मी आत्याला म्हणालो होतो, तुझ्या खोकल्याच्या औषधाला तरी एवढा पहारा आहे का? पुढच्या महिन्यात आत्या गुडघ्यांना लावायला तुझ्याकडूनच मलम घेऊन गेली. त्या दिवशी माझी छाती कशी फुगली होती!

आणि आपलं ते तळाचं तेल. नमुना तपासणीला गेला, बाटल्या भरून झाल्या, की भांड्याच्या बुडाशी काळपट हिरवं, दाट असं थोडं उरायचं. आई जशी पातेलं निपटून घ्यायची, तशी तू ते निपटून जॅमच्या धुतलेल्या बरण्यांत आणि रिकाम्या औषधाच्या बाटल्यांत भरायचीस. विकायचं नाही तर तपासायचं कशाला, आणि घरच्या माणसांना लेबल कसलं? आम्हालाही त्याची ऐट. लोकांना वरचं, आपल्याला असली. पहाटेच्या पाळीनं माझी झोप पार उडाली होती, तेव्हा तू म्हणालीस, जिभेखाली दोन थेंब टाक. मी विचारलं होतं गं, की मी गाडी चालवतो, चालेल ना? तू हसलीस. म्हणालीस, "अरे दादा, सगळं मर्यादेच्या आतलं आहे." मीही मान डोलावली. जे तळाशी बसतं ते दाट होऊन बसतं, एवढी साधी गोष्ट आपल्या दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आली नाही. घरात फुकट दिलेल्या तेलालाही तपासणी आणि लेबल लागतं, हे तर मला आत्ता आत्ता कळलं. तुला तेव्हाही माहीत असणार.

डेपोत नशेच्या तपासणीसाठी ड्रायव्हरांच्या नावांच्या चिठ्ठ्या काढतात, तशी माझी निघाली आणि लघवीत ते गांजातलं द्रव्य सापडलं. मॅनेजरसाहेब, डॉक्टर आणि वरून आलेले एक अधिकारी टेबलापलीकडे बसले होते. काय घेतलं होतंत, असं त्यांनी विचारलं. तेलाचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. पण मग कुठली बाटली, लेबल कुठे, कुणी दिली, हे ओघानं आलंच असतं. तुझा परवाना डोळ्यांपुढे आला, तुझ्याकडे कामाला येणाऱ्या दोघीजणी आल्या, आणि हो, आत्याही आली. मी म्हणालो, "गांजा ओढला, साहेब. चूक झाली." पहिल्याच वेळी कबूल करणाऱ्याला नोकरीवरून काढत नाहीत, फक्त गाडीवरून उतरवतात. मॅनेजरसाहेबांनी चष्मा काढला आणि तो पुसतच राहिले.

नंतर तू आलीस. चपला काढता काढता विचारलंस, बाटली कुठे आहे? मोरीत उभी राहून ती साबणानं दोनदा धुतलीस, उपडी ठेवलीस आणि वहिनीनं टाकलेला चहा उकळायच्या आत निघालीसही. तुला सगळं कळलंय हे मला तेव्हाच समजलं. राग नाही आला. भाऊ असतो कशासाठी, असं वाटलं. खरं सांगू का, मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली.

ती थोपटलेली पाठ आता जळते आहे, आणि त्याला कारण पैलवान. तुला आठवत असेल, माझा जोडीदार ड्रायव्हर, अंगानं काडी म्हणून ज्याला सगळे पैलवान म्हणतात तो. बायकोच्या ऑपरेशननंतर त्याची झोप गेली होती. माझी चिठ्ठी निघायच्या बऱ्याच आधी मी माझ्या बाटलीतलं अर्धं तेल त्याला ओतून दिलं होतं. पुढे ते संपलं असेल असं मी सोयीनं धरून चाललो, कारण घेऊ नकोस म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. आता त्याचीही चिठ्ठी निघाली आणि त्याच्याही लघवीत तेच सापडलं. ज्यानं जन्मात विडी हातात धरली नाही, तो सगळ्यांसमोर शपथा घेऊन नाही म्हणतो आहे. आणि नाही म्हणणाऱ्याला ते थेट काढून टाकतात. तेलाची शंका त्याच्या मनाला शिवतही नाही, कारण ते मी दिलं होतं. गेल्या आठवड्यात तो धुलाईच्या शेडमध्ये आला आणि हळूच म्हणाला, "तू कबूल केलंस म्हणून तुझी नोकरी राहिली. मीही खोटंच हो म्हणू का रे?" चिमे, मी म्हणालो, "म्हणून टाक." तो पाइपापासून दोन पावलं मागे सरला. मग म्हणाला, "पण मग घरी सगळ्यांना तेच खरं वाटेल." मी धुतलेल्याच चाकावर पाणी मारत राहिलो. इतकी शरम मला त्या टेबलासमोरही वाटली नव्हती.

सोमवारी त्याची शेवटची चौकशी आहे. मी आत जाऊन सगळं सांगणार आहे, तेलाचं, तळाचं आणि तुझंही. हे ठरलं आहे आणि ते बदलणार नाही, म्हणूनच हे पत्र. परवाना कार्यालयाचे नियम तूच तुझ्या कारखान्याच्या भिंतीवर लावलेत. जो आपणहून चूक कळवतो त्याचं काम तपासणी होईपर्यंत थांबवतात, जो पकडला जातो त्याचा परवाना कायमचा जातो. तू त्याआधी जा. उरलेल्या बरण्या घेऊन जा, ज्यांना ज्यांना दिलंस त्यांची नावं सांग, आत्याच्या मलमात ते घातलं असशील तर तिचंही सांग. एकटीनं जायला धीर होत नसेल तर मला बोलाव, मी बाहेर बाकावर बसून राहीन. सगळ्या जगानं मला विचारलं, की तू खरंच ओढलास का? फक्त तू विचारलं नाहीस, आणि ते मला फार लागलं, हेही एकदा सांगून टाकतो. पण तू आपणहून गेलीस तर ती तुझी चूक असेल आणि तूच ती कबूल केलेली असेल. तू न जाता सोमवारी मी बोललो, तर ती भावानं बहिणीविरुद्ध दिलेली साक्ष असेल. माझ्यावर ती पाळी येऊ देऊ नकोस.

तुझाच, चिडायचं ठरवूनही तुझ्यावर चिडता न येणारा,
दादा