कप्तानाचा डावा गुडघा

सोमवार, ४ मार्च

कप्तान गेला. दाढी करताना फोन आला. अर्ध्या गालाला साबण तसाच, आणि मी मटकन खुर्चीत. आमची ही म्हणाली, निदान तोंड तरी पुसा.

कालच तर त्याच्या गुडघ्याला तेल लावून आलो होतो! दर रविवारसारखं. क्लबचा मालिशवाला म्हणून माझ्या हाताखालून शेकडो पाय गेले. डोळे मिटून ओळखीन असा एकच — कप्तानाचा डावा.

मंगळवार, ५ मार्च

पोचवून आलो. धिप्पाड खेळाडू हमसून हमसून रडत होते. निम्म्यांनी तर त्याला खेळताना पाहिलेलंही नाही. पण मैदानावर डॉक्टर, न्हाणीघरात गरम पाणी, करार संपला की हव्या त्या क्लबात जायची मोकळीक — हे कुणामुळे, ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या वेळी एकदा सही केली की क्लब सोडेल तेव्हाच सुटका.

वहिनींचं सांत्वन करायला पुढे झालो. त्यांनीच मला विचारलं, जेवलात का भावोजी. मला!

शुक्रवार, ८ मार्च

खेळाडू संघटनेची अध्यक्ष घरी आली होती. स्वतः गोलकीपर, हात सुपाएवढे. नव्या उपचारखोलीला कप्तानाचं नाव देणार आहेत. रविवारी, सतराला. मैदानातल्या त्या गाजलेल्या बैठकीबद्दल तुम्हीच बोला, म्हणाली. जवळून पाहिलेले आता तुम्ही एकटेच उरलात.

हो म्हणून बसलो.

शनिवार, ९ मार्च

हो का म्हटलं मी? जीभ चावून काय उपयोग आता.

रविवार, १० मार्च

तेल लावायला जायची वेळ झाली आणि उठून बसलो. मग आठवलं. आता लिहूनच काढतो, दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

आमच्या संघाची एक खोड होती. मैदानात उतरल्यावर कप्तान करील ते सगळ्यांनी करायचं. तो गवताला हात लावणार की अकराच्या अकरा लावणार. एकदा तो शिंकला तर तिघं मुद्दाम शिंकले!

त्या वर्षी आमच्या उजव्या बाजूच्या खेळाडूचा पाय मोडला. वारा म्हणायचो त्याला. मैदानावर डॉक्टर नव्हता. सामानाच्या खोलीचं दार काढून त्यावरून त्याला नेलं, सगळ्या प्रेक्षकांच्या देखत. मोडका पाय मी धरला होता. वारा पुन्हा सरळ चालला नाही. कप्तान तीनदा डॉक्टर मागायला गेला. क्लबचा सेक्रेटरी म्हणाला, मालिशवाला आहे की!

महिनाभराने सामना होता. शिट्टी व्हायच्या आत कप्तान मैदानाच्या मधोमध खाली बसला. मागोमाग दहाही बसले — खोडच ती. मग समोरचा संघ, एकेक करून. मी धावत गेलो. गुडघा धरून कण्हत होता. "गुडघा गेला रे, बुवा." मी चोळायला लागलो. तेवढ्यात सेक्रेटरी लालबुंद होऊन आला, काय पाहिजे काय तुम्हाला? कप्तानाने वर पाहिलं.

"डॉक्टर."

वाऱ्याला दारावरून नेलेलं लोक विसरले नव्हते. ते ऐकून सगळं मैदानच डॉक्टर, डॉक्टर ओरडू लागलं. पुढच्या सामन्यापासून डॉक्टरची खुर्ची आली, ती कायमची. हीच ती बैठक!

आणि त्यामागे काय? एक दुखरा गुडघा. डॉक्टर शोधून आणेपर्यंत तर मी त्याला उभाही केला होता. आहेच माझ्या हाताला गुण.

बुधवार, १३ मार्च

खेळायला नकार दिला की जन्माची बंदी, असा नियम होता. बंद दाराआड तिघा पंचांसमोर चौकशी झाली. मला बोलावलं. मला खोटं बोलता येत नाही हे अख्ख्या क्लबाला माहीत — बोललो की कान लाल होतात. मी सांगितलं, गुडघा गेला होता, माझ्यासमोर कण्हत होता. तिघंही माझ्या कानांकडे पाहत होते! कप्तान सुटला. बाकीचे तर सवयीने बसले होते, त्यांना काय शिक्षा करणार?

बाहेर आल्यावर त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला. "लोक बैठक म्हणतात ना, म्हणू दे. गुडघ्याचं आपल्या दोघांत ठेव."

चाळीस वर्षं ठेवलं. त्या बैठकीच्या जोरावर तो क्लबाक्लबांतून फिरला, संघटना उभी केली. आता रविवारी मी काय बोलू? गुडघा म्हटलं तर त्याची शोभा. बैठक म्हटलं तर माझे कान. इकडे आड, तिकडे विहीर.

फार जीव होता माझा त्याच्यावर.

शुक्रवार, १५ मार्च

उद्या वहिनींना सगळं सांगून टाकतो. त्या म्हणतील तसं.

शनिवार, १६ मार्च

सांगितलं. वहिनी हसायलाच लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अहो भावोजी, सामन्याच्या सकाळी स्वयंपाकघरात पाच वेळा कण्हत खाली बसून दाखवलं त्यांनी मला. खरं वाटतंय का, विचारत होते. म्हणाले, बुवाला खोटं बोलता येत नाही, तेव्हा आधी त्यालाच फसवायला हवं."

माझ्या हाताला गुण म्हणे!

मी विचारलं, मग चाळीस वर्षं मला तेल कशाला चोळू दिलं?

"तुम्ही रविवारचे यायचात ना."

उद्या रविवार.